आजी एक्स्पायर झाली

“पण भंते, माणूस एक्स्पायर कसा होईल? औषधं एक्स्पायर होतात, लायसन्स एक्स्पायर होतं.”

भंते शीलरत्न विहाराच्या पायरीवर बसले होते.

विचारणारे होते प्राध्यापक निरंजन खांडेकर. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले, आता भंतेंकडे ध्यान शिकायला आलेले.

आत सभा भरली होती. श्रीलंकेहून भिक्खू आले होते. त्यांच्यापुढे करुणा मेश्राम इंग्रजीत बोलणार होती. गावातून असं बोलणारी ती पहिलीच. हा विहार उभा राहिला तेव्हा तिच्या आजीनं डोक्यावरून माती वाहिली होती. तेच तिला सांगायचं होतं.

पण काल तालमीत ती ‘माय ग्रँडमदर एक्स्पायर्ड’ म्हणाली आणि खांडेकर सर हसले.

“आजी होती की दुधाची पिशवी?”

तेव्हापासून करुणा बोलायला तयार नव्हती.

“मी फक्त शब्द दुरुस्त केला,” सर म्हणाले.

“त्याचा आधी काय अर्थ होता? अगदी जुना?” भंतेंनी विचारलं.

“लॅटिनमधला? श्वास... बाहेर सोडणं.”

“सोडा.”

“काय?”

“श्वास.”

सरांनी श्वास सोडला. पुढचा घेणार, तोच भंतेंनी तळहात वर केला.

सर थांबले... कानशिलं तापली... छाती फुटायला आली...

भंतेंनी हात खाली घेतला. सरांनी घाईघाईनं श्वास ओढला.

मग त्यांनी हळूच विचारलं,

“आजी गेली तेव्हा... करुणा जवळ होती?”

“तिच्याच मांडीवर डोकं होतं.”

सर उठले आणि तडक आत गेले. करुणा भिंतीला टेकून बसली होती.

“बाळा, चुकलो मी. तुझा शब्द बरोबर आहे. तस्साच म्हण.”

करुणानं त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून माईकपाशी गेली.

आवाज आधी थरथरला. ‘माय ग्रँडमदर एक्स्पायर्ड’ आलं तेव्हा मात्र खणखणीत आलं. पाहुण्यांतल्या वृद्ध भिक्खूंनी डोळे पुसले. बोलणं संपलं तशा मागच्या बाया उठून उभ्या राहिल्या. ज्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, त्याही.

“साधु! साधु! साधु!”

छत दणाणलं.

सर बाहेर आले. डोळे भरलेले, पण सवय जाईना.

“भंते, शेवटी ‘शी इज हिअर’ म्हणाली ती. गेलेल्या माणसाला वर्तमानकाळ...?”

भंते म्हणाले, “जा. दुरुस्त करा.”