तान्हूबाईची मागणी

सिलिंगच्या कायद्यानं एका कुटुंबाकडची जास्तीची जमीन भूमिहीनांना मिळणार होती. ती वाचवायला दाजीसाहेबांनी बायकोला कागदोपत्री सोडचिठ्ठी दिली आणि निम्मी शेतं तिच्या नावावर केली. बाई मात्र होत्या तिथंच, त्यांच्याच ताटात वाढत होत्या.

चावडीवर तहसीलदार चौकशीला बसले. दाजीसाहेब ठासून म्हणाले, "आता आमचा काही संबंध नाही."

त्यांच्याच शेतावर राबणारी तान्हूबाई उठली. "मग बरं झालं सायेब. माझ्या थोरल्या दिराची बायको वारली. त्याच्यासाठी मी बाईंना मागणी घालते."

दाजीसाहेब ताडकन उभे राहिले. "जीभ हासडीन. बायको आहे ती माझी."

तान्हूबाई तहसीलदारांकडे वळली.

"सायेब, हे तेवढं लिवून घ्या. मागणी मी मागं घेते."