बस जरा

"…अकराही मशीनवर चालतं, बुवा. मग माझं चुकलं कुठे?"

हेमांगी केळुसकरने विचारलं खरं, पण चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार, याची तिला खात्री होती.

अंतोबुवा टेकडीवरच्या मठात राहत. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तिथे येऊन पडत आणि बुवा ते पुन्हा चालते करत. त्यांवर ते जी सिस्टिम घालत, तिचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. हेमांगी ती इथेच शिकली. पुढे शहरात जाऊन तिने ती अकरा जातींच्या मशीनवर चालवून दाखवली. नाव झालं, मानही जरा ताठ झाली.

"दाखव," बुवा म्हणाले.

ती सात वर्षांची असताना वडिलांनी तिच्यासाठी पाढ्यांचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. बाराचा पाढा संपला की शेवटी एक ओळ यायची, थोडा वेळ राहायची आणि पुसली जायची. 'दमलीस हेमा? बस जरा.' तीही इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला मराठी अक्षरं यायची नाहीत.

वडील जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या कपाटात त्या प्रोग्रॅमचे छापील कागद सापडले. तिने ते जसेच्या तसे आपल्या अकराही मशीनवर उतरवून घेतले.

आता तिने पाढे भरभर सोडवले. शेवटची ओळ आली म्हणेपर्यंत गेली.

"दिसली?" तिने विचारलं.

"नाही."

"बाबांनी मशीनला वीस हजारांपर्यंत नुसतं मोजायला लावलंय. मोजून झालं की ओळ पुसायची. त्यांचं मशीन सावकाश मोजायचं. हल्लीची मशीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळी. मशीनंच वाकडी, बुवा."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

ती चिडली. "घड्याळ लावूनही पाहिलं. तीन सेकंद, पाच, सात… एकही बाबांचं वाटत नाही. जुनं मशीन त्यांनी सुटे भाग जमवून केलेलं. ते केव्हाच भंगारात गेलं. ओळ किती वेळ राहायची, हे सांगणारं कुणी उरलं नाही."

मग तिचा ताठा एकदम गळाला.

"मला तेवढाच वेळ हवाय, बुवा. बाकी काही नको. फार आठवण येते."

बुवांनी पडद्यावर प्रोग्रॅम उघडला.

"वीस हजार हा आकडा त्यांनी कुठून आणला?"

"कुठून म्हणजे… खुर्चीमागे उभे राहायचे. मला म्हणायचे, वाच. इंग्रजी अक्षरं मी तेव्हा नुकती शिकले होते, पडद्यावर बोट ठेवून अडखळत वाचायची. माझं व्हायच्या आत ओळ गेली की ते आकडा वाढवायचे. पुन्हा म्हणायचे, वाच…"

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

बुवांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. आकडे मोजायची ओळ पुसून टाकली आणि तिथे दुसरी लिहिली.

"काय लिहिलं?"

तिने पदराने डोळे पुसून वाचलं. "कुणी एखादी की दाबेपर्यंत थांब."

"कुठल्या मशीनवर चालेल?"

"…सगळ्याच."

तिने पुन्हा पाढे सोडवले, या वेळी सावकाश. बारा दाहे वीसाशे. ओळ आली.

दमलीस हेमा? बस जरा.

ती पाहत राहिली. ओट्यावरचं ऊन अंगणात उतरलं. बुवांनी चहा करून आणला, तो निवला. ओळ तशीच होती.

तिने बोट कीवर ठेवलं आणि परत उचललं.

"बुवा… मी दाबलंच नाही तर?"

बुवांनी तिचा निवलेला चहा पुन्हा चुलीवर ठेवला.

"तर ते थांबतील."