टिटवीआजीचं घरटं

फार पूर्वी, विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची शाळा भरायची. थंडी वाढली तेव्हा गुरुजी पिल्लांना म्हणाले, "पंख मोडलेली टिटवीआजी खाली उघड्यावर झोपते. या वेळी तिच्यासाठी घरटं विणायचं."

पिल्लांनी चोची सोलवटेपर्यंत गवत आणलं. घरटं फांदीला झोकात लटकलं. गुरुजींनी वीण तपासली आणि सगळ्यांची पाठ थोपटली.

टिटवीआजी खालून मान वर करून बघत राहिली. "सुरेख झालंय रे बाळांनो," ती म्हणाली.

पुढे थंडी कडाक्याची पडली. एका सकाळी आजी घरट्याच्या बरोबर खाली गारठून मेलेली दिसली.

पिल्लांतली धाकटी चिमणुली हळूच म्हणाली, "गुरुजी, आजीला उडता येत नाही, हे आपल्याला माहीत होतं ना?"

गुरुजींना तिच्याकडे बघवेना.