हात सैल सोड

एका गावात एक कासारीण राहायची. बांगड्या भरायला बसली की तिच्या तोंडाची टकळी सुरू. "हात सैल सोड गं. हाताकडे नको, माझ्याकडे बघ. सासू काय म्हणते?" समोरची बाई सासूचं गाऱ्हाणं सांगू लागे, तोवर बांगडी मनगटात गेलेलीही असे! भरून झालं की रिवाजाप्रमाणे थोरामोठ्यांच्या बायकासुद्धा तिला हात जोडून नमस्कार करीत. त्या नमस्काराचं तिला कोण अप्रूप!

पुढे तिची नजर अधू झाली. एका नवरीच्या हिरव्या चुड्यात तिनं निळी बांगडी भरली आणि भर मांडवात हसं झालं. तेव्हापासून बायका पेठेतल्या दुकानात जाऊ लागल्या. कासारीण दिवसभर ओट्यावर बसून राही. जेवण नको, बोलणं नको. सुनेनं काही विचारलं की म्हणे, "माझा आता कुणाला काय उपयोग?"

तिच्या शेजारी एक म्हातारा कोष्टी राहत होता. आजारपणात त्याच्या उजव्या हाताची मूठ वळली, ती उघडेचना. सून त्याला भरवायला जाई, पण त्याला लाज वाटे आणि तो उपाशीच राही. शेवटी ती कासारणीकडे आली.

"काकू, मामंजींनी कालपासून घास घेतला नाही. तुम्ही एवढ्या जणींचे हात हाताळलेत, त्यांचा तेवढा बघता का?"

"अगंबाई! मी बायकांचे हात धरणारी. पुरुषाचा हात धरला तर गाव काय म्हणेल?"

सून डोळे पुसत परत गेली. कासारणीला मात्र चैन पडेना. "गाव तरी आता कुठं मला विचारतंय?" असं पुटपुटत ती उठली, तेलाची वाटी घेतली आणि तडक शेजारी गेली.

कोष्ट्याची मूठ घट्ट आवळलेली होती. तिनं तेल लावलं. बोटं सवयीनं चालू लागली आणि सवयीनं तोंडही! "हात सैल सोड गं. माझ्याकडे बघ. सासू काय म्हणते?"

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मग खो खो हसत सुटला. "सासू ना? फार छळते हो!" हसता हसता त्याचा अंगठा किंचित सैल झाला.

मग ती रोज जाऊ लागली. काहींनी नाकं मुरडली, पण पुढे त्यांच्याच घरून बोलावणी आली. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाचे गुडघे धरलेले. कासारणीला ओट्यावर बसायला सवड उरली नाही. तिला भूकही लागू लागली.

थंडी सरता सरता एका दुपारी कोष्ट्यानं स्वतःच्या हातानं भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि खाल्ली. सून रडायलाच लागली. म्हाताऱ्यानं हात धुतला, कासारणीसमोर येऊन दोन्ही तळवे नीट जुळवले आणि तिला वाकून नमस्कार केला.

"आता बांगडी तेवढी भरायची राहिली हो," तो म्हणाला.

कासारणीला हसूही आलं आणि रडूही आलं.

तात्पर्य काय, तर आपलं काम संपलं असं वाटलं म्हणून ओट्यावर बसून राहू नये. उठून शेजारी जावं. तिथं आपल्या हातांची कुणीतरी वाट बघत असतं.