ज्याचं अक्षर त्याला

गावाचं नाव विचारू नका, गाववाले भांडायला येतील. पण त्या गावात एक भोळा मास्तर होता एवढं खरं. भोळा म्हणजे किती? सांगितलं तेवढंच करायचा, आणि तेवढं मात्र करायचाच. नाव आत्माराम. काम, बालवाडीतल्या अकरा पोरांना अक्षरं शिकवायचं.

बालवाडीवर संकट आलं होतं. महिनाअखेर मोठे साहेब तपासणीला येणार होते. पोरांना अक्षरं आली नाहीत तर बालवाडीला टाळं. सगळ्यात जास्त घोर अनसाबाईला. तिची पमी चार वर्षांची, आणि दुसरी बालवाडी ओढ्यापलीकडच्या गावात.

"मास्तर, एवढी पोर ओढा कशी वलांडंल वो?" ती रोज विचारायची.

"पायानं," मास्तर सांगायचा.

वरच्या वर्गाच्या मालूबाईंनी त्याला समजावलं, "मास्तर, नुसती अक्षरं दाखवू नका. प्रत्येक अक्षराचा आवाज ऐकवा पोरांना."

"बरं," मास्तर म्हणाला.

भिंतीवर अक्षरांचे पुठ्ठे टांगलेले होते. मास्तरनं 'क' कानाला लावला. काही ऐकू येईना. मग छडी घेतली आणि 'क'वर मारली. टप्प! 'ख'वर मारली. टप्प! दुपारी मालूबाईंनी पोरांना विचारलं, "क कसा वाजतो?" अकरा पोरं ओरडली, "टप्प!"

"अहो देवा!" मालूबाई म्हणाल्या. "वस्तूवरून आवाज शिकवायचा असतो. ब बकरीचा. आधी बकरी दाखवा, मग म्हणा ब."

"असं होय!" मास्तर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात बकरी आली. ती काही ब म्हणाली नाही. तिनं ब खाल्ला. पुठ्ठ्यासकट. वर हजेरीची दोन पानं चघळली.

"जिवंत काही आणायचं नाही!" मालूबाई कडाडल्या. "चित्र दाखवायचं, चित्र!"

"आता नाही चुकणार," मास्तर म्हणाला. आणि नाहीच चुकला.

त्या दिवशी धडा होता, आ आईचा. पमी 'आई, आई' करून भोकाड पसरून बसली होती. आवाज ऐकून अनसाबाई शेतातनं धावत आली. मास्तर दारात आडवा.

"जिवंत आई आत आणायची नाही. बाईंनी सांगितलंय."

त्यानं घरून स्वतःच्या आईची तसबीर आणली होती. म्हातारीला जाऊन सहा वर्षं झालेली, तसबिरीला चंदनाचा हार. ती पमीपुढं धरून तो म्हणाला, "ही घे आई. आता गप."

पमीनं असा टाहो फोडला की पारावरची माणसं उठून आली.

"मेल्या, ज्याचं त्याला द्यावं!" अनसाबाई ओरडली. "एवढं बी कळंना व्हय तुला?"

मास्तरला ते लागलं. तो भिंतीपुढं जाऊन उभा राहिला आणि एकेक पुठ्ठा वाचू लागला. क कमळाचा. ग गवताचा. न नळाचा. भ भटजीचा. वाचता वाचता त्याला घाम फुटला. अरे, यातलं एकही अक्षर आपलं नाही! सगळा दुसऱ्याचा माल, आणि आपण वर्षभर भिंतीला लावून बसलोय!

आठवडाभर मास्तर आणि पोरं गावभर हिंडत होती. क तळ्यात कमळापाशी ठेवला. ग गवतात खोचला. न नळाला बांधला. भ भटजींना दिला, त्यांनी प्रसाद समजून कपाळाला लावला. उरला फक्त श. श शहामृगाचा, आणि गावात शहामृग नव्हतं. मास्तर म्हणाला, "येईल कधीतरी."

साहेब आले. भिंत रिकामी.

"अक्षरं कुठायत?"

"ज्याची त्याला दिली, साहेब."

साहेब लालबुंद झाले. दारात अनसाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात पमीनं साहेबांचं बोट धरलं. "मी दावते, चला." नळापाशी नेऊन म्हणाली, "न, नळ. न, नाक." तळ्यापाशी म्हणाली, "क, कमळ. क, कावळा." मागनं दहा पोरं ओरडत होती. भटजी दिसले तर सगळी मिळून म्हणाली, "भ, भटजी! भ, भजी!"

साहेब हसले. चहा घेतला. बालवाडीच्या वहीत शेरा लिहिला, 'मुलांना अक्षरांचे आवाज उत्तम येतात. बालवाडी चालू ठेवावी.' म्हणाले, "हा शेरा वर पाठवा, म्हणजे झालं." अनसाबाईनं पदरानं डोळे टिपले.

साहेब गेल्यावर मालूबाई कौतुकानं म्हणाल्या, "मास्तर, चेष्टा नाही हं. शेरा साहेबांचा आहे!"

"साहेबांचा?" मास्तर दचकला.

त्यानं पान फाडलं आणि पळत सुटला. दोन मैलांवर, फाट्यावर थांबलेली साहेबांची गाडी गाठली.

"साहेब, हे तुमचं. आम्ही दुसऱ्याचं ठेवत नाही."

साहेबांना वाटलं, तोंडावर फेकून मारलं. त्यांनी पान खिशात घातलं ते घातलंच. महिन्यानं बालवाडीला टाळं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसाबाई पमीला कडेवर घेऊन ओढ्याकडं निघाली होती. टाळ्यापुढं मास्तर उभा. काखेत तो शेवटचा पुठ्ठा.

"शहामृग काही आलं नाही गं, पमे," तो म्हणाला. "याचं काय करू?"

पमी म्हणाली, "मास्तर, श शाळेचा बी असतो की."

"अगं खरंच की!" मास्तरचा चेहरा उजळला. त्यानं श टाळ्याला नीट अडकवला, हात झटकले, आणि समाधानानं घरी गेला. आता कोणाचं काही द्यायचं राहिलं नव्हतं.