अर्ध्या नोटंचा बूट

इंग्रजांच्या राज्यात टपालानं पैसं धाडायचं म्हंजी नोट मधोमध कापून दोन तुकडं येगयेगळ्या पाकिटांत घालायची रीत व्हती. चोराला एक तुकडा घावला तरी त्येला कोण इचारतंय?

ह्येच रीत इनामदार रावसाहेबानं बूट शिवणाऱ्या तायाप्पावर चालवली. तायाप्पानं महिनाभर राबून त्येचं गुडघ्यापतूर बूट शिवलं व्हतं. दुसऱ्या दिशी कलेक्टरचा दरबार. रावसाहेबानं धाच्या नोटंचा अर्धा तुकडा फेकला.

"दुसरा डाकेनं धाडतो. जोखीम नको."

तायाप्पाचं डोस्कं सणकलं. ह्येचं घर समोरच्या गल्लीत, अन डाक कसली? दुसरा तुकडा आलाच न्हाय, तर महिन्याची मेहनत पाण्यात. त्येनं डावा बूट तेवढा पुढं केला.

"अन उजवा रं?"

"डाकेनं धाडतो, रावसाहेब. वाटंत चोरानं गाठलं, तर एक बूट घिऊन त्यो काय करंल?"

"उद्या दरबारात एका बुटानं जाऊ व्हय?"

"मग मला तरी अर्ध्या नोटंवर पीठ कोण दील?"

रावसाहेबानं मुकाट खिशातनं दुसरा तुकडा काढला. तायाप्पानं दोन्हीवरचं आकडं जुळवून बघितलं, कातड्याच्या खळीनं नोट चिकटवली, ती वाळंपतूर इनामदाराला उभं ठिवलं, अन मगच उजवा बूट दिला.