नावाड्याची नोकरी

एका नदीकाठच्या गावात भिवसेन नावाचा एक नावाडी राहत होता. पैलतीरावरून हाक आली की हातातला घास ठेवून तो नाव सोडी. नावेत बसलेली माणसं मात्र ऐन मध्यावर आल्यावर विचारत, "ते ठीक आहे, पण नोकरी कुठे करता?"

भिवसेन हातातल्या वल्ह्याकडे बघे आणि ते पुन्हा पाण्यात घाली.

पैलतीरावरच्या सगुणेवर त्याचं मन होतं. तिचे वडील कोंडाजी म्हणाले, "मुलगा चांगला आहेस रे. पण नोकरी हवी."

"मामा, नोकरी म्हणजे नक्की काय?"

"सकाळी ठरल्या वेळी जायचं, संध्याकाळी ठरल्या वेळी परतायचं."

"आणि मधे?"

"मधे नोकरी."

वैतागून भिवसेनने राजाच्या कोठारावर नोकरी धरली. कोठार रिकामंच होतं. त्याच्या कुलपासमोर दिवसभर स्टुलावर बसायचं, एवढंच काम. गाव म्हणालं, "पोरगा मार्गी लागला." नाव काठावर उन्हात पालथी पडली. लोक कुरकुरत लांबच्या पुलावरून जाऊ लागले.

लग्न नवऱ्याच्या दारी ठरलं. जावई मूळचा नावाडी, म्हणून कोंडाजींनी पुलाचा फेरा घेतलाच नाही. नवरी, वऱ्हाड आणि वाजंत्री घेऊन ते थेट पैलतीरावर उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली.

मुंडावळ्या सावरत भिवसेनने नाव पाण्यात ढकलली. सुकून फळ्यांच्या फटी उघडल्या होत्या. नाव काठालाच पाण्याने भरली आणि तळाला बसली.

मुहूर्त टळत चालला, तसे कोंडाजी ओरडले, "अरे, या गावात नाव चालवणारं कुणी आहे की नाही?"

"होता एक," भिवसेन अलीकडून म्हणाला. "तुम्हीच त्याला नोकरीला लावलंत."

मुहूर्त गेला. भिवसेनने स्टूल सोडलं, फटींत काथ्या आणि राळ भरली, फळ्या फुगून घट्ट बसाव्यात म्हणून नाव पाण्यात मुरवली. पुढच्या मुहूर्ताला त्यानेच वऱ्हाड अलीकडे आणलं. या खेपेला कोंडाजी नोकरीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

लग्नानंतर ते परत निघाले, तेव्हा नावेत एक परगावचा गृहस्थ होता. त्याने विचारलं, "जावई काय करतात आपले?"

"तुम्हाला पलीकडे नेतायत," कोंडाजी म्हणाले.

"ते दिसतंय हो. पण नोकरी?"

कोंडाजींनी कपाळाला हात लावला. भिवसेन वल्हं मारत राहिला.

तात्पर्य: ज्याच्यावाचून आपलं अडतं, त्याचं काम हेच खरं काम; त्याला नोकरी कुठे म्हणून विचारायचंच असेल, तर निदान त्याच्या नावेतून उतरल्यावर विचारावं.